पायाच्या जागी बसवलेली केबल

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो. भूत, चकवा, करणी, उतारा... या डिपार्टमेंटशी माझा कधीच संबंध आला नाही. वीस-बावीस वर्षं नाशिकला द्वारकेजवळ गॅरेज चालवतोय. अपघातात चेपलेल्या गाड्यांच्या खाली उताणा पडून मी डबा खाल्लाय. ज्या सीटवर माणूस गेला त्याच सीटवर दुपारची झोप काढलीय, वर घोरलोयसुद्धा. कुणी येऊन "जरा सरक" म्हणालं नाही.

दुसरी गोष्ट. इथले जे मला ओळखतात ते आत्ताच हसायला लागले असतील. मान्य! मी थोडं वाढवून सांगतो. देवळ्याच्या एका कांदेवाल्याचा ट्रॅक्टर मी फोनवर नुसता खोकला ऐकून दुरुस्त केला होता (खोकला ट्रॅक्टरचा, कांदेवाल्याचा नव्हे), हे मी शंभर वेळा सांगितलंय आणि दर वेळी ट्रॅक्टर थोडा मोठा होत गेलाय. पण खाली जे लिहितोय त्यात वरून चमचाभरही टाकलेलं नाही. टाकायची गरजच पडली नाही.

तर, आमचे दाजी. म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर. गाव सिन्नरच्या पुढं. झेंडू आणि शेवंतीची शेती, आणि स्वतःचा एक छोटा टेम्पो. घरची फुलं, शेजारपाजारची फुलं, सगळी भरून मोहदरीचा घाट उतरून नाशिकच्या फूलबाजारात आणायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. ड्रायव्हर एक नंबर. फक्त एक खोड. क्लच सोडताना दाजी अर्ध्यावर पाय थांबवायचे. गाडीची परवानगी घेतल्यासारखे... क्षणभर थांबायचे, मग हळूच पाय उचलायचे. या एका सवयीपायी त्यांच्या क्लचप्लेटा दरसाल जळायच्या आणि दरसाल मी त्या बदलायचो.

"दाजी, अर्ध्यावर काय थांबता? सोडा की एकदम!"

"मेव्हणं, गाडी हाय का बकरी, एकदम सोडून द्यायला?"

असा माणूस. आणि त्यांना शुगर निघाली. अंगठ्याला नख लागल्याचं निमित्त झालं, जखम भरेना, वर चढत गेली आणि शेवटी डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ऑपरेशनच्या वेळी दाजी रडले नाहीत. डॉक्टरला म्हणाले, "चपला आता एकाच पायाच्या मिळत्याल का वो?" पण घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून जे निजले ते दोन महिने तसेच. टेम्पो लिंबाखाली उभा. केबिनची काच उघडी राहिली होती, त्यातून कोंबड्या आत शिरून सीटवर अंडी घालायला लागल्या. तरी दाजी काही बोलेनात. मग एक दिवस ताईचा फोन आला.

"नाना, काय बी कर पन ह्यांना गाडीवर बसव. दोन घास पन पोटात जात नाय. हे कुठं चाललेत ते मला दिसतंय रे..."

कृत्रिम पाय बसवून झाला होता. त्यानं चालता यायचं, पण क्लच जमेना. दाजी म्हणाले, "पेडल लागलं का नाय तेच कळत नाय. दुसऱ्याचा पाय बांधल्यावानी वाटतंय." त्यांनी तो पाय काढून कोपऱ्यात उभा केला तो केलाच. कुबडीवर चालायचे, पँटचा डावा पाय वर दुमडून सेफ्टी पिन लावायचे.

मग मी हाताचा क्लच करायचं ठरवलं. आयडिया साधी. गिअरच्या दांडीवर एक लिव्हर बसवायचा, त्यापासून केबल खाली क्लचच्या पेडलला जोडायची. डाव्या हातानं लिव्हर दाबला की केबल ताणते आणि पेडल आपोआप खाली जातं. पाय लागतच नाही. लिव्हर मी स्वतः घडवला. असा घडवला की तो बघायला येवल्याहून माणसं आली होती. बरं, एक माणूस आला होता. पण येवल्याहून!

केबल मात्र लोकल घेतली. या कामासाठी कंपनीची अशी केबल नसतेच. द्वारकेच्या दुकानात जी जाड दिसली ती उचलली. ती हातभर जास्त लांब होती. आता आमच्या लाईनीत एक पद्धत आहे. जास्तीची केबल कापायची नाही, गुंडाळायची. न जाणो पुढं कधी लागली तर! मी तिचं एक मस्त वेटोळं केलं, डॅशबोर्डच्या खाली प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून आवळलं आणि दाजींना हाक मारली. वेटोळं जरा घट्टच झालं होतं. तेव्हा ते मला कळलं होतं का? कळलं होतं. पण दाजी कुबडी टाकून केबिनमध्ये चढत होते, ताई दारात तोंडावर पदर धरून उभी होती... तेव्हा कोण पुन्हा पट्टी कापत बसतंय!

दाजींनी लिव्हर दाबला, पहिला गिअर टाकला, टेम्पो अंगणातून निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत गेले. परत आले तेव्हा भुकेनं डोळे मोठे झालेले. त्या दिवशी दाजी पाच भाकरी जेवले. नंतर कागदपत्रं, तपासणी, जे काय असतं ते सगळं रीतसर झालं आणि दाजी पुन्हा घाटाला लागले.

सुरुवातीला फोनवर तक्रार असायची. "लय जड हाय मेव्हणं, मनगट भरून येतं." मग पावसाळ्यात एक दिवस फोन आला. "आता क्लच लोण्यावानी झाला बघा! एका बोटानं दबतो."

मी काय म्हणालो? म्हणालो, "केबल सेट झाली दाजी. माझ्या हातची आहे." आणि अख्ख्या द्वारकेला सांगत सुटलो की नानाची केबल जुनी होत जाते तशी मऊ होत जाते. वीस वर्षांचा मेकॅनिक मी. केबल आपोआप हलकी होत नसते हे मला कळायला नको? पण कौतुक समोरून चालत आल्यावर कोण त्याची चौकशी करतो...

आता खंडेनवमीचा दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा. झेंडूचा सीझन म्हणून मी भरायला मदत करायला आदल्या दिवशीच ताईकडं गेलो होतो. सकाळी आठला दाजींबरोबर टेम्पोत बसून निघालो. रात्रीबित्रीचा प्रकार नाही, लक्षात घ्या. लख्ख ऊन, मागं झेंडूचे क्रेट, दाजी गाणं गुणगुणतायत. मोहदरीचा घाट उतरायला लागलो आणि वळणावर पुढच्या कंटेनरनं कचकन ब्रेक मारला.

दाजींनी उजव्या पायानं ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी डाव्या अंगाला घेतली. दोन्ही हातांनी! कंटेनरच्या मागच्या पट्टीपासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. आणि तेवढ्यातही माझं मेकॅनिकचं डोकं म्हणालं... इंजिन बंद कसं नाही पडलं?

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उभी. लिव्हरला कुणाचा हात नाही. क्लच दाबल्याशिवाय इंजिन झटका खाऊन बंद पडायलाच पाहिजे होतं. पण ते मजेत चालू. मी खाली बघितलं.

क्लचचं पेडल तळाला टेकलेलं होतं.

शेजारी दाजींच्या पँटचा दुमडलेला पाय, सेफ्टी पिन, आणि त्याच्याखाली रबरी मॅट. बास. दुसरं काही नाही. मी बघत राहिलो. कंटेनर हलला. दाजींनी गिअर पहिल्यात घेतला, हात परत स्टिअरिंगवर नेला, आणि पेडल वर यायला लागलं. अर्ध्यावर आलं... क्षणभर थांबलं... मग हळूच सुटलं.

मी त्या थांबण्यापायी दरसाल प्लेटा बदलल्यात हो. दुसऱ्या कुणाचा पाय असता तरी मी ओळखला असता, हा तर दाजींचा होता.

"काय झालं? घाबरला का मेव्हणं?"

"नाही... केबल बघत होतो."

"बघायचं काय त्यात! लोणी हाय."

बाजारात फुलं उतरवली आणि मी दाजींना चहाच्या निमित्तानं गॅरेजवर नेलं. ते बाहेर टपरीवर बसले, मी टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. पट्टीनं आवळलेल्या त्या वेटोळ्यातच केबल तुटलेली होती. आतली तार दोन तुकडे. मला वाटलं आत्ताच, घाटातल्या झटक्यानं तुटली असेल. पण ताजी तुटलेली तार चकाकते. ही टोकं तांबूस, गंजून फुललेली, आणि दोन टोकांच्या मधे झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा बसून त्याची खळ झालेली. पावसाळ्यातलं काम होतं हे. क्लच ज्या दिवशी लोण्यासारखा झाला त्याच दिवसाचं म्हणा ना! लिव्हर हलका लागत होता, कारण तो कशालाच जोडलेला नव्हता. दाजी नुसती त्याची बारकी स्प्रिंग दाबत होते.

म्हणजे पावसाळ्यापासून आजपर्यंत रोज घाट... कोण दाबत होतं?

मी पाना घ्यायला वळलो आणि थांबलो. बायकोनं सकाळीच येऊन पूजा उरकली होती. पाने, पक्कड, हातोड्या, जॅक, सगळं पाटावर ओळीनं मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजली की दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्याराला वर्षातली तेवढीच सुट्टी. भुताखेताला न मानणारा मी, पण त्या दहा-बारा नंबरच्या पान्यावरचं फूल उचलायला माझा हात पुढं होईना. शेवटी मन घट्ट करून हात पुढं केला, तेवढ्यात मागून दाजी ओरडले.

"ओ मेव्हणं! पूजा झाली ना? मग? नेम मोडायचा का काय? चला, दुसरी खेप भरायची हाय, उद्या दसरा."

"दाजी, जाताना मी चालवतो."

दाजींचा चेहराच उतरला. "का? मला पाय नाय म्हणून?"

दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस मी बघितला होता. मी गुपचूप शेजारी जाऊन बसलो. केबल तुटलेली आहे हे माहीत असून बसलो! बावीस वर्षांत मी गाडीला जेवढे नमस्कार केले नसतील तेवढे सिन्नरपर्यंत केले.

घाटाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं होतं. थांबा, निघा, थांबा, निघा. दाजींचा डावा हात कधी हँडब्रेकवर, कधी गिअरवर. आठवण झाली तर मधेच लिव्हर चिमटीत धरायचे, नाही तर नाही. त्यांना फरक कळत नव्हता. आणि खाली ते पेडल मात्र चोख काम करत होतं. खाली, अर्ध्यावर, थांब, वर. खाली, अर्ध्यावर, थांब, वर. मी मोजायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. शेवटी शेवटी ते वर येताना थरथरायला लागलं. दमलेल्या माणसाचा पाय थरथरतो ना, तसं.

मी हळूच माझा हात पुढं नेला. पेडलच्या वर, जिथं दाजींची पोटरी असायला हवी होती तिथं. हाताला काही लागलं नाही. पण तेवढ्या जागेत ऊब होती. इंजिनची असेल, म्हणा... मीही तेच म्हणालो.

"काय सांडलं का तुमचं?" दाजींनी विचारलं.

"रुपया पडला वाटतं."

"रुपया? तुमच्या हातून पडायचा नाय कधी!" आणि हसत हसत त्यांनी घाट पार केला.

घरी पोहोचल्यावर दाजी क्रेट भरायला शेताकडं गेले. मी ताईला चुलीपाशी गाठून सगळं सांगितलं. म्हटलं ही हसेल, म्हणेल तुझ्या गोष्टी द्वारकेला सांग. ताई हसली नाही. तिनं तवा खाली उतरवला.

"तरीच," ती म्हणाली.

"काय तरीच?"

"घाटातून आले की म्हनत्यात, डावा तळवा लय ठणकतो, दाब. मी म्हनायचे आवो, हाय कुठं तो? तर म्हनायचे, तू दाब तर खरी. मग मी आपली मोकळी चादर दाबत बसते. त्यांना बरं वाटतं, झोप लागती. मला वाटायचं, मनाचा खेळ हाय... पन नाना, परवा बाजारातून आले तर पोटरीला गोळा आला म्हनून वरडत व्हते. नसलेल्या पायाला गोळा येतो का रे?"

मी तिथंच चुलीपुढं खाली बसलो.

"मग काय करू? नवी केबल टाकू की नको?" मी विचारलं. "टाकली तर... ते बंद पडलं तर?"

ताईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "नवी टाक. भरवशाची टाक. हत्याराला बी तुमी एक दिवस सुट्टी देता. त्या पायाला दवाखान्यात ठिवून आलो आपन, तरी तो घाट चढतोय. किती राबवायचं त्याला?" आणि मग हळू आवाजात, "त्यांना सांगू नको पन. तुझीच केबल व्हती म्हन."

दसऱ्याची खेपही तशीच पार पडली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सिन्नरला गेलो. या वेळी मापाची केबल करून घेतली होती. वेटोळं नाही, पट्टी नाही, सरळ रेषेत. ग्रीस भरलं, दोनदा तपासलं. अख्ख्या आयुष्यात एवढं मन लावून काम केलं नसेल. जुनी काढताना टोकांमधला तो भुगा खाली पडला आणि उगाचच माझ्या तोंडून "माफ करा" निघालं. कुणाला म्हणालो, माहीत नाही.

दाजींनी लिव्हर दाबला. भुवया वर गेल्या.

"जड झाला वो."

"नवी आहे दाजी."

"काढली कशाला मग जुनी? चांगली चालत व्हती!"

"झिजली होती."

त्या दिवसापासून पेडल लिव्हरबरोबरच हलतं. मी चार-पाच वेळा मुद्दाम शेजारी बसून बघितलं. हात दाबेल तेवढंच खाली, हात सोडेल तसं वर. अर्ध्यावर थांबत नाही. दाजींचा तळवा ठणकायचा थांबला. ताई सांगते, आता ते पाय दाब म्हणत नाहीत. जेवतात व्यवस्थित, फुलं नेतात, आणतात. माणूस वाचला हे खरं. ताईसाठी तेवढं पुरेसं आहे, माझ्यासाठीही असायला पाहिजे.

तुमच्यातले काही हुशार लोक लिहितील की मुरलेला ड्रायव्हर क्लचशिवाय गिअर बदलू शकतो. बदलतो. मीही बदलतो. पण चढावर उभी गाडी बिनक्लचची पहिल्यात उचलून दाखवा, अख्खं गॅरेज नावावर करून देतो. काही लिहितील, पेडलची स्प्रिंग अडकत असेल. स्प्रिंग मी बघितली. ठणठणीत. कुणी म्हणेल नाना फेकतोय. म्हणा. आयुष्यभर फेकत आलो त्याची शिक्षा म्हणून हे एकच खरं मला मिळालं असेल... आणि ते ज्यांना सांगायला पाहिजे त्यांनाच सांगता येत नाही.

दाजी दर पंधरा दिवसांनी येतात. गॅरेजसमोर टेम्पो लावतात, खाली उतरत नाहीत. खिडकीतूनच म्हणतात, "मेव्हणं, तेवढा पैल्यावानी करून द्या की."

मी पाना घेऊन खाली वाकतो. नट दोन आटे सैल करतो, दोन आटे आवळतो, म्हणजे जिथं होता तिथंच आणून ठेवतो आणि फडक्याला हात पुसत उभा राहतो. दाजी लिव्हर दाबतात, सोडतात. पुन्हा दाबतात. मान जरा तिरकी करून, कुणी आत यायचं बाकी असल्यासारखी वाट बघतात.

"नाय," ते म्हणतात. "काम चांगलंय तुमचं. पन मंग एकट्यानंच चालवतोय असं वाटतं वो."

कुणाला याचं उत्तर माहीत असेल तर मला जरूर लिहा. फक्त दाजींपर्यंत जाऊ देऊ नका.